कासव तपासता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा

बेळगावात म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस गोठ्यात येऊन टोचली जाते, लॅब्राडोरच्या दातांवरचे किटण काढून मिळते. पण पाळीव कासवाचे डोळे सुजले तर त्याच्याकडे जाणतेपणाने पाहणारा डॉक्टर सापडत नाही. त्याहून संतापजनक गोष्ट ही, की जो सापडतो तो ‘यातले मला कळत नाही’ एवढे चार शब्द काही केल्या तोंडातून काढत नाही.

आमचे कासव रेड-इअर्ड स्लायडर जातीचे, म्हणजे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. ऐन थंडीत त्याच्या पापण्या फुगून डोळे मिटले, खाणे सुटले, नाकाशी बुडबुडे दिसू लागले आणि पोहताना ते एका अंगावर कलू लागले. पापण्यांची सूज बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येते आणि एका बाजूला कलणे हे फुप्फुसाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते. पाण्यातली कासवे पाळणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते.

शहरातल्या ज्या खासगी दवाखान्यात आम्ही गेलो, तिथल्या डॉक्टरांनी त्याला स्टीलच्या टेबलावर उताणे ठेवले, पेनाच्या टोकाने कवचावर टकटक केली आणि थर्मामीटर लावून निदान सांगितले, “ताप नाही हो, उलट अंग गारच लागतंय.” ज्या प्राण्याचे अंग भोवतालच्या हवापाण्याइतकेच गरम असते, त्याचे अंग डिसेंबरातल्या बेळगावात गार लागणार नाही तर काय होणार! टाकीतले पाणी किती गरम असते, वर यूव्हीबी, म्हणजे उन्हासारखे अतिनील किरण देणारा दिवा आहे का, खायला काय घालता, हे प्रश्न सर्वांत आधी यायला हवेत. त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. “जंत असतील” असे म्हणून त्यांनी थेट आयव्हरमेक्टिनची सिरिंज भरायला घेतली. गुराढोरांना सर्रास दिले जाणारे हे औषध कासवाला लुळे पाडते आणि त्यात ते मरूही शकते. मी हे सांगताच उत्तर आले, “गुगल बघून येता आणि आम्हालाच शिकवता होय?” मग जंतांचा विषय बाजूला पडला आणि अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन पुढे आले, तेही वजन न करता, अंदाजाने. हा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी सोलवटून निघते. त्या टेबलावर अर्ध्या हाताच्या अंतरावर वजनकाटा होता, त्यावर कासव ठेवायला किती वेळ लागला असता?

आम्ही कासव उचलले, तेव्हा कंपाउंडर आपुलकीने म्हणाला, “एवढ्यासाठी कशाला त्रास करून घ्यायलाय, किल्ला तलावात सोडून द्या की.” आजारी कासव तलावात मरेल हे एक, आणि जगले तर देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हाला बसायच्या जागेवर डल्ला मारील. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत या स्लायडरचे नाव आहे, आणि जनावरांच्या दवाखान्यात तो तलावात सोडण्याचा सल्ला फुकट मिळतो.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी वन खात्याच्या भीतीने हातच लावला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी कासवांना संरक्षण दिले आहे, तारा कासव घरात ठेवता येत नाही, हे खरे. पण हा प्राणी देशी नव्हे, हे त्यांना पटले नाही. तरीही माझा राग त्यांच्यावर कमी आहे, कारण त्यांनी निदान चुकीची सुई टोचली नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठायचे तर पुणे किंवा बेंगळुरू. जवळचे पुणेसुद्धा इथून तीनशेहून अधिक किलोमीटर. संसर्ग झालेल्या कासवाला उबेत ठेवणे हाच उपचाराचा पाया असताना त्याला थंडीतल्या रात्रीच्या बसमध्ये, टबात घालून न्यायचे? आणि प्रतिजैविकाची इंजेक्शने काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यायची असतात, म्हणजे एका फेरीत हे भागत नाही. इथल्या पहिल्या डॉक्टरांनी तिकडच्या जाणकाराला फोन लावून डोस विचारला असता, तर हा सगळा प्रवास वाचला असता. तसे सुचवल्यावर त्यांना तो अपमान वाटला. तपासणीची फी मात्र पूर्ण घेतली, आणि कॉम्प्युटरने काढलेल्या पावतीवर प्राण्याच्या रकान्यात ‘पक्षी’ असे छापून दिले.