‘वादळ मुंबईला वळसा घालतं’ म्हणणाऱ्यांना

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: मुंबादेवीच्या कृपेने चक्रीवादळ मुंबईला वळसा घालतं, शंभर वर्षांत एकही आलेलं नाही, पाणी तुंबतं ते फक्त प्लास्टिकमुळे, तेव्हा वेधशाळेचे इशारे मनावर घेऊ नका. यंदा तो मला माझ्या सख्ख्या मामाने पाठवला, म्हणून हे लिहिते आहे.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ मुंबईवर आलं नाही, हे खरं. ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला कित्येक वर्षं जातात. मुंबईपासून ते अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. त्याला कृपा म्हणायचं, तर श्रीवर्धनकरांना काय सांगायचं? वादळाची वाट वरच्या थरांतले वारे ठरवतात. बरीच वादळं त्यांच्या ओघात ओमान किंवा गुजरातकडे जातात, म्हणून आपल्या वाट्याला कमी येतात, इतकंच. आणि मुंबादेवी मुळात कोळ्यांची. तिला हात जोडणारा कोळीही बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी ओढून वर घेतो.

शंभर वर्षांत एकही नाही, हे तर साफ चूक. नोव्हेंबर 1948 मध्ये चक्रीवादळाने मुंबईला झोडपलं होतं. 2009 चं ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. उत्तरादाखल कुणी 1882 च्या वादळात मुंबईत लाख माणसं मेल्याचं लिहितं, तेही पुढे पाठवू नका. तेव्हाच्या नोंदींत असं वादळच सापडत नाही.

वादळ लांबून गेलं तरी शहर सुटतं असं नाही. मे 2021 मध्ये ‘ताउक्ते’ समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी सांताक्रूझला दिवसभरात 230 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईसमोरच्या समुद्रात पी-305 बार्ज (कामगारांना राहायला असलेला मोठा तराफा) बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. 2023 चं ‘बिपरजॉय’ कच्छला धडकलं. त्याआधीच जुहूच्या खवळलेल्या समुद्रात चार मुलं बुडाली होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली.

आता प्लास्टिक. नाल्यांत ते आहे आणि टाकणारे आपणच आहोत. पण नाले लख्ख केले तरी सखल भागातलं पाणी शेवटी समुद्रातच जायचं, आणि आपली बहुतेक पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्र आत येऊ पाहतो. म्हणून तर हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथे पंप बसवावे लागले. उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. 26 जुलै 2005 ला 944 मिलिमीटर पाऊस आणि भरती एकत्र आली, तेव्हा तर चक्रीवादळ नव्हतंच.

चक्रीवादळात वारा समुद्रच किनाऱ्याकडे लोटतो. ‘निसर्ग’च्या वेळी वेधशाळेचा इशारा होता की मुंबई, ठाणे, रायगडला नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढू शकतं. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यूयॉर्कला हेच झालं. ‘सँडी’ वादळाचा वारा काही फार भयंकर नव्हता, पण पौर्णिमेच्या भरतीवर पाणी चढलं आणि भुयारी रेल्वेचे बोगदे भरले.

मामा, तू हिंदमाताला, पाणी तुंबणाऱ्या सखल भागात, तळमजल्यावर राहतोस. पुढचा इशारा आला की भरतीची वेळ आधी बघ, कागदपत्रं माळ्यावर टाक, आणि आजीला आदल्या दिवशीच आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आणून सोड.