बाराशे ब्रास

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

पहाटे पावणेसहाला नेहमीसारखा ओढ्याच्या कडेनं चालत होतो. एक दहा चाकी हायवा डंपर रिव्हर्स घेत काठाला आला. दिवे बंद. हौदा वर झाला, फाळका उघडला आणि धडाधड माती. निम्मी काठावर, निम्मी पात्रात. मी ओरडत धावलो, पण हौदा खाली यायच्या आत गाडी वळणावरून गेलीसुद्धा. नंबरप्लेटला चिखल फासलेला होता, तो काय आपोआप फासला जातो?

ढिगात काळी माती, पिवळट मुरूम आणि मधेच मोझॅक फरशीचा एक तुकडा. हिरवे ठिपके, कडेला लाल पट्टी. उचलून हातात घेतला आणि पोटात गोळा आला. ही आमची फरशी. आमच्या जिन्याखालच्या पॅसेजची, जिथे मी सव्वीस वर्षं स्कूटर लावली. (मान्य, अशी फरशी कोथरूडात पन्नास बिल्डिंगांत असेल. पण ज्यानं तिच्यावरचे ऑइलचे डाग रॉकेलनं पुसलेत त्याला शिकवू नका.)

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहतोय. प्लॉटवर सध्या फक्त खड्डा आहे.

घरी येऊन आईला तुकडा दाखवला. तिनं फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर "किती ब्रास निघाली रं माती?"

आईला ब्रास मी शिकवलेला नाही. ती १९७२ च्या दुष्काळात पाथर्डीकडे पाझर तलावाच्या कामावर होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईचं हे गणित अजून पक्कं आहे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट सोडायचा, डोक्यावरचं गवत तसंच ठेवून, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते मोजणाऱ्याला दिसतं. मिस्त्री टेप घेऊन यायचा तो खड्डा मोजायला. पहिल्या आठवड्यात बाया भांडल्या, की ढीग केवढा मोठा आहे आणि तुम्ही एवढंसं मोजता! मग कळलं, खणलेली माती फुगते. ढीग कायम खोटं बोलतो, खड्डा मोजायचा.

तर मग मोजू. आमचा खड्डा साठ बाय ऐंशी, दोन बेसमेंट म्हणून वीस फूट खोल. ९६,००० घनफूट, म्हणजे ९६० ब्रास. मोकळी झाल्यावर ती सव्वापट धरली तरी बाराशे. खाली काळा दगड लागला की तो दीडपट फुगतो, ते सोडून देतो. एका हायवात पाच ब्रास. अडीचशेच्या आसपास खेपा. एका, फक्त एका बिल्डिंगच्या. आता आपापल्या गल्लीतले खड्डे मोजा आणि मला सांगा एवढी माती कुठे मावते.

आणि इथे मला स्वतःचाच राग यायला लागतो. कारण मी कमिटीत होतो. लिफ्ट कुठल्या कंपनीची यावर आम्ही तीन संध्याकाळी भांडलो. 'माती वाहतूक व विल्हेवाट – एकरकमी' ही ओळ अर्ध्या मिनिटात पुढे गेली. किती माती, कुठे जाणार, कुणीच विचारलं नाही. मीही नाही. सही केली, वर सामोसा खाल्ला.

नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या बांधकामाच्या राडारोड्याच्या नियमांतच होतं, महिन्याला ३०० टनांच्या वर माल निघणार असेल तर आधी महापालिकेला आराखडा द्यायचा, माती वेगळी ठेवायची. ३०० टन म्हणजे आमच्या खड्ड्याचं दोन दिवसांचं काम. दुपारी साइटवर जाऊन तो आराखडा मागितला तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, ते ऑफिसला असेल." मग हळूच म्हणाला, "सब-काँट्रॅक्टर बघतो काका, आम्ही फक्त खेपा मोजतो." पोरगा वाईट नाही. माझ्या भाच्याएवढा. चिडता आलं नाही.

डंपरवाल्याचंही पोट खेपेवर आहे, लांब गेला तर दिवसाच्या खेपा कमी होतात. बरं, हेही मान्य.

पण काळी माती आधी सोलून वेगळी ठेवली असती तर नर्सरीवाले हसत घेऊन गेले असते. मुरूम रस्त्याच्या भरावाला लागतो, त्याला पैसे मिळतात! आपण दोन्ही कालवतो, वर फरश्या टाकतो आणि ओढ्यात ओततो. मग २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीसारखा आंबिल ओढा घरात शिरला की 'ढगफुटी, ढगफुटी' म्हणून आकाशाकडे बोट. त्या रात्री माणसं वाहून गेली हो. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी भिंतीवर चढलेली मी डोळ्यांनी बघितलीय. पाऊस पडलाच होता, नाही कोण म्हणतंय. पण पाण्याची जागा कुणी खाल्ली?

आईला म्हटलं, तुमच्या वेळी लोक प्रामाणिक होते. ती खुदकन हसली. म्हणे कसले प्रामाणिक! त्या मधल्या खुंटावर रात्री गवताचं ढेकूळ आणून बसवायचो, चार बोटं उंची वाढायची. मिस्त्रीला ते कळायचं, तोही गप्प बसायचा, सगळ्यांच्याच घरात दाणा नव्हता. "पण मातीची पाटी बांधावरच जायची," एवढंच पुढे म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. तो बांध अजून उभा आहे. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावून दाखवला होता.

राग आता जरा उतरलाय. उद्या पहाटे साडेपाचला ओढ्यावर उभा राहणार आहे, वही आणि टॉर्च घेऊन. फोटोत नंबर नीट येत नाही, म्हणून दोघंतिघं असलेले बरे. खरं तर मी साइटच्या गेटवर उभा राहणार होतो, खेपा मोजायला. आई म्हणाली, "खड्डा मोजून झाला की. आता ढिगापाशी उभा ऱ्हा."

कोण येतंय? चहा माझ्याकडून.