‘टाकीएवढाच वाढतो’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज आला. सोनेरी माशाचा फोटो, कोपऱ्यात स्वस्तिक आणि खाली मजकूर : अरोवाना पाळा, लक्ष्मी येते. तो टाकीएवढाच वाढतो, तीन फुटी टाकी पुरते. जिवंत गोल्डफिश घाला. महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. अचानक मेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं.

लक्ष्मीबद्दल मला बोलायचं नाही. ज्याची त्याची श्रद्धा. बाकीच्याबद्दल मात्र बोलायलाच हवं.

‘टाकीएवढाच वाढतो.’ आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा मिळतो तो सिल्व्हर अरोवाना, मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. विकत घेताना तळहाताएवढा असतो, म्हणून माणूस फसतो. खाणंपाणी नीट मिळालं तर वर्ष-दीड वर्षात दीड-दोन फूट होतो, आणि नदीत तीन फुटांपर्यंत जातो. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं. पण ती घाण पाण्यामुळे आणि जागा नसल्यामुळे खुंटते, मासा काही टाकीचं माप घेऊन थांबत नाही. कणा वाकतो, कल्ल्यांची झाकणं बाहेर मुडपतात. पोराला दोन नंबर लहान बूट घालायचे आणि ‘बघा, पाय बुटाएवढाच वाढला’ म्हणायचं, त्यातला प्रकार.

लोक टाकीची लांबी विचारतात, रुंदी कुणी विचारत नाही. अरोवाना पट्टीसारखा सरळ पोहतो, वळताना त्याला अंग वाकवावं लागतं. सव्वा फूट रुंदीत दोन फुटी मासा प्रत्येक वळणाला काचेवर मिशा घासतो. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच ही मोठ्या माशासाठी मला किमान वाटते. तिच्यात साधारण ८५० लिटर पाणी मावतं. काच आणि स्टँड धरून वजन टनाच्या आसपास जातं, त्यामुळे जुन्या इमारतीत आधी इंजिनिअरला विचारा. जागा नसेल तर अरोवाना नको, गप्पी पाळा. गप्पीही फार देखणे असतात.

‘पूर्ण रिकामी करून धुवा.’ सगळ्यात जास्त मासे मरतात ते या सल्ल्याने. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, आणि तो त्याच्यासाठीच विष असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. तुम्ही स्पंज नळाखाली खसाखसा धुता, आणि नळातलं क्लोरीन तिला एका दुपारीत संपवतं. टाकी लख्ख दिसते, दोन दिवसांनी मासा धापा टाकतो. त्यापेक्षा दर आठवड्याला पाव भाग पाणी पाइपने तळातून ओढा, अँटी-क्लोरीन घातलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी भरा आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

जिवंत गोल्डफिशचं थोडक्यात : त्यांच्यासोबत परजीवी येतात, आणि त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. पेलेट (माशांसाठीचे तयार दाणे), सोललेली कोळंबी, नाकतोडे असं आलटून पालटून द्या. स्वयंपाकघरातली झुरळं नकोत, पेस्ट कंट्रोलचं विष त्यांच्याबरोबर पोटात जातं.

झाकणाचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. हा मासा पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो, अ‍ॅमेझॉनच्या काठी त्याला पाण्यातलं माकड म्हणतात. नुसतं झाकण पुरत नाही, वर वजन ठेवा. आणि फोटोतला तो सोनेरी मासा आशियाई अरोवाना. साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पहिल्या परिशिष्टातला हा मासा कागदपत्रं आणि मायक्रोचिपशिवाय विकत घ्यायचा नसतो. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे त्याची नोंदणीही लागते.

राहिलं ‘संकट’. डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या काकांकडे चार फुटी टाकीत असाच एक अरोवाना होता. मी गेलो तेव्हा पृष्ठभागाशी तोंड लावून उभा होता, खाली पडलेल्या पेलेटकडे ढुंकूनही बघत नव्हता. पाणी मात्र आरशासारखं, तीन दिवसांपूर्वीच धुतलेलं. अमोनिया तपासायच्या टेस्ट किटच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, पाच मिनिटांत गर्द हिरवं झालं. काकांना नळी दाखवली, अर्धं पाणी लगेच बदलायला लावलं, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘‘गेला रे. घरावरचं काहीतरी मोठं टळलं म्हणायचं.’’

त्याच रविवारी त्यांनी नवा आणला. तळहाताएवढा. टाकी तीच.