अमेरिकेचं श्वापद: आधी पोप, मग तिसरा जॉर्ज

17 जानेवारी 1776. ब्रिटनपासून स्वातंत्र्य मागणारी टॉमस पेनची पुस्तिका ‘कॉमन सेन्स’ बाजारात येऊन जेमतेम आठवडा झालेला. कनेक्टिकटचा एक पाद्री, सॅम्युअल शेरवूड, प्रवचनासाठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, बारावा अध्याय निवडतो. त्यात एका स्त्रीच्या मागे अजगर लागलाय. तिला गरुडाचे दोन पंख मिळतात आणि ती रानात निघून जाते. शेरवूड सांगतो, ही स्त्री म्हणजे देवाची खरी मंडळी, रान म्हणजे अमेरिका. आणि अजगर तिला बुडवायला तोंडातून पाण्याचा लोट सोडतो ना, ती ब्रिटिश मंत्र्यांची कारस्थानं!

आपण शाळेत अमेरिकन क्रांती शिकलो ती बोस्टनचा चहा आणि लॉक-माँटेस्क्यू या विचारवंतांवर. ते खोटं नाही. पण लॉक वाचणारे किती? न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींमधला शेतकरी दर रविवारी चर्चच्या बाकावर बसून बायबल ऐकत होता, आणि दानीएल व प्रकटीकरण ही त्यातली सगळ्यात थरारक पुस्तकं. माझं मत स्पष्ट आहे: क्रांतीला युक्तिवाद लॉकने दिला असेल, शत्रूला चेहरा या दोन पुस्तकांनी दिला.

भविष्यवाणीतून शत्रू आणि जगाचा शेवट ओळखायचा हा सगळा हिशोब मूळचा युरोपातला. प्रोटेस्टंटांच्या लेखी पोप म्हणजे ख्रिस्तविरोधक, ख्रिस्ताचा शेवटचा मोठा शत्रू, प्रकटीकरणातलं श्वापद, यात शंकाच नव्हती. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं. मग प्रकटीकरणातले 1260 दिवस म्हणजे पोपच्या सत्तेची 1260 वर्षं. भांडण एवढंच, की मोजायला सुरुवात कुठून करायची? न्यू इंग्लंडचा धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्ससारखा तल्लख माणूस 606 पासून मोजून 1866 वर आला. बोस्टनचा पाद्री कॉटन मॅदर याने जगाच्या शेवटासाठी आधी 1697 धरलं, ते टळल्यावर 1716, मग 1736. या लोकांना भोंदू म्हणून निकालात काढू नका. याच मॅदरने 1721 च्या देवीच्या साथीत बोस्टनकरांचा रोष पत्करून टोचणीचा पुरस्कार केला होता.

आणि या नकाशात अमेरिका कुठे बसते? इंग्लंडच्या जोसेफ मीडने तर्क लढवला होता की गोग-मागोगची, म्हणजे सैतानाची फौज तिथूनच उठेल. समुद्र ओलांडून तिथे घर केलेल्यांना हे कसं पचावं? 1697 मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल सीवॉलने उलट मांडलं, की नवं यरुशलेम, म्हणजे शेवटी अवतरणारं देवाचं नगर, इथेही असू शकतं. (हा तोच सीवॉल, सेलमच्या चेटकीण खटल्यांतला न्यायाधीश. त्याच वर्षी त्याने चर्चमध्ये उभं राहून त्या पापाची जाहीर कबुली दिली.) ‘आपण निवडलेले लोक’ या भावनेचं एक मूळ मला इथे दिसतं.

पुढे गंमत सुरू होते. 1745 मध्ये न्यू इंग्लंडच्या शिपायांनी फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला, तेव्हा ख्रिस्तविरोधकाची बाजू फ्रान्सकडे होती आणि इंग्लंडचा राजा धर्माचा रक्षक होता. 1763 पर्यंत फ्रेंच सत्ता कॅनडातून हटली. 1765 मध्ये वसाहतींच्या कागदपत्रांवर कर लादणारा स्टँप ॲक्ट आला. 1774 मध्ये लंडनने क्वेबेकच्या कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य दिलं, आणि श्वापद थेट लंडनमध्ये, राजा तिसऱ्या जॉर्जच्या दरबारी मुक्कामाला आलं. भूमिका तीच, नट बदलला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने ब्रिटिश जनतेला पत्र लिहिलं, की या कॅथलिक धर्माने तुमचं बेट रक्तात बुडवलं. आणि आठवडाही उलटला नाही तोच क्वेबेकच्या कॅथलिकांना गोड पत्र, या, आमच्यात सामील व्हा! बोस्टनमध्ये दर 5 नोव्हेंबरला पोपचा पुतळा मिरवून जाळायचे. 1775 मध्ये वॉशिंग्टनने सैन्यात हा पोरखेळ बंद करायला लावला. कॅनडाची मदत हवी होती ना. 1778 मध्ये तर कॅथलिक फ्रान्सशीच करार झाला. 1798 च्या 4 जुलैला येलचा अध्यक्ष टिमथी ड्वाइट प्रकटीकरणातल्या देवाच्या कोपाच्या सात वाट्यांपैकी सहावीचा दाखला देऊन सांगत होता, की धोका फ्रान्सचाच आहे, फक्त आता नास्तिक फ्रान्सचा.

सगळेच यात वाहून गेले नव्हते. जेफरसनने उतारवयात प्रकटीकरणाला सरळ वेड्याची बडबड म्हटलं. पण जेफरसनच्या बाजूने आपण इतिहास वाचतो म्हणून ड्वाइटचे श्रोते नाहीसे होत नाहीत. शत्रू हा नुसता शत्रू नसतो, तो सैतानाचा हस्तक असतो, ही सवय तिथल्या राजकारणाला तेव्हा लागली आणि मला तरी ती सुटलेली दिसत नाही.

याच वाचनाची दुसरी शाखा मात्र थेट आपल्या दारात आली. एडवर्ड्सला वाटे, प्रकटीकरणात सांगितलेलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं मंगल राज्य प्रचाराने आणि प्रार्थनेने जवळ येईल, आणि त्याची पहाट बहुधा अमेरिकेतच होईल. त्याच्या शिष्यपरंपरेच्या प्रभावातून 1810 मध्ये परदेशी मिशनांचं बोर्ड उभं राहिलं आणि 1813 मध्ये गॉर्डन हॉल मुंबईत उतरला. ‘अमेरिकन मराठी मिशन’ ते हेच. याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी अहमदनगरला पाहिली, आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची काढली. त्याच सुमारास ते पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ही वाचत होते. हा पेन तोच, ज्याने पुढे बायबलवरच कोरडे ओढले.