कुर्ल्यांचा रस्सा आणि ‘उकळलं की विष जातं’

खेकड्यांचा मोसम जवळ आला की इथे कॅलिफोर्नियात मराठी घरांत एक मेसेज फिरतो: “समुद्राचं पाणी लाल नसेल, महिन्याच्या इंग्रजी नावात ‘आर’ असेल, माल जिवंत असेल आणि नीट उकळला असेल तर बिनधास्त खा. विषारी शैवालाच्या सूचना म्हणजे सरकारी बाऊ.” चार अटी, आणि एकीवरही भरवसा ठेवावा अशी नाही.

पाण्याच्या रंगाचं आधी. समुद्र लाल करण्याचा उद्योग बहुधा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा. (कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, तो नॉक्टिल्युकाही त्यांतलाच.) इथला आरोपी वेगळा आहे: स्यूडो-नित्शिया, सिलिकाच्या कवचाचा सुईसारखा डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल. त्याच्या काही जाती डोमोइक आम्ल तयार करतात; सूचना असतात त्या याच विषाच्या. तो उदंड माजला तरी किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला कळेलच असं नाही.

‘आर’च्या नियमात थोडं तथ्य आहे. कॅलिफोर्नियात स्वतः गोळा केलेले मसल, म्हणजे आपले शिणाणे, खायला साधारण 1 मे ते 31 ऑक्टोबर बंदी असते. पण उरलेले महिने सुरक्षित, हे कुणी सांगितलं? कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे, डोमोइक आम्ल साठलेले मसल खाऊन 1987 मध्ये शंभरावर माणसं आजारी पडली, तिघं दगावली, काहींची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. महिने होते नोव्हेंबर आणि डिसेंबर. डायटम असलं विष करतो हे तेव्हाच पहिल्यांदा उघड झालं. डोमोइक आम्लाचा रेणू मात्र जपानमध्ये आधीपासून माहीत होता, लाल शैवालातून काढलेलं जंतावरचं औषध म्हणून!

माल जिवंत असण्याचा इथे संबंधच नाही. शिंपल्या पाणी गाळून डायटम खातात, स्वतः ठणठणीत राहतात. वास तोच, चव तीच. मसल काही दिवसा-आठवड्यांत साफ होतात, रेझर क्लॅम नावाच्या लांबट शिंपल्या मात्र महिनोन्‌महिने विष धरून बसतात.

बाऊ म्हणाल, तर शैवालाचा प्रत्येक बहर, म्हणजे अशी उदंड वाढ, विषारी नसतो हे खरंच. एकच जात कधी विष करते, कधी नाही. म्हणून तर नमुने तपासावे लागतात. शिंपल्यांच्या मांसात डोमोइक आम्लाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. 1998 मध्ये मॉन्टेरे परिसरात चारशेवर सी-लायन (सीलसारखे सागरी सस्तन प्राणी) मेले, अँचोव्ही मासळीतून हेच विष पोटात जाऊन. 2015 च्या बहरानंतर नोव्हेंबरात सुरू होणारी डंजनेस जातीच्या खेकड्यांची व्यावसायिक मासेमारी काही भागांत थेट मार्चमध्ये सुरू झाली. होड्या चार महिने उगाच कोण बांधून ठेवील?

आता उकळण्याकडे, कारण आपली खोड इथेच नडते. डोमोइक आम्ल जिवाणू नव्हे, उष्णतेने ते मरत नाही. लिंबू, कोकम, व्हिनेगर, कशानेच नाही. उलट ते पाण्यात विरघळतं. खेकड्यात ते मुख्यतः कवचाखालच्या पिवळट गरात आणि आतड्यांत साठतं, आणि आपण नेमका तोच गर चवीसाठी रश्शात सोडतो! म्हणजे विष भांड्याबाहेर जातच नाही, सगळ्यांच्या वाटीत सारखं वाटलं जातं.

सूचना लागू असेल तेव्हा शिजवण्याआधीच कवच काढून आतलं सगळं फेकायचं, खेकडा धुवायचा, अख्खा तळायचा-भाजायचा नाही, उकळलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं. रस्सा हवाच असेल तर वाटण वेगळ्या पाण्यात शिजवा.