दागी सफरचंद ज्यूसलेही चालत नाही

"डाग कापून टाक अन् खा." आपल्याकडे घराघरांत हे ऐकू येतं. सफरचंदाच्या बाबतीत तरी हे आता बंद व्हायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सफरचंद आपल्या विदर्भात फारसं पिकत नाही. काश्मीर-हिमाचलहून निघतं, कित्येकदा महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहतं, मग कुठे वरुड-मोर्शीच्या बाजारात उतरतं. चढ-उतारात दबतं, साल फुटते आणि तिथूनच पेनिसिलियम एक्स्पान्सम नावाची बुरशी शिरते. आधी मऊ तपकिरी डाग, मग त्यावर निळसर-हिरवे ठिपके. ही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते आणि ते डागापुरतं राहत नाही, शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं. कधी साल लखलखीत असते, अन् कापलं की बियांजवळ सगळं काळं.

1940च्या दशकात इंग्लंडमध्ये हेच पॅट्युलिन सर्दीवर औषध म्हणून देऊन पाहिलं होतं. उपयोग झाला नाही, पुढे ते विषारी ठरलं. मोठ्या मात्रेत मळमळ, उलट्या, आतड्यांना इजा. त्यानं माणसाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तसले मेसेज फिरवू नका. पण आपल्या देशाच्या नियमातही सफरचंदाच्या रसाला किलोमागे 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. युरोपात बाळांच्या खाण्याला तर फक्त 10.

गाड्यावरच्या ग्लासात हे कोण मोजतं? "दागी हाय, पन गोड हाय, ज्यूसले चालते," म्हणत ढीग स्वस्तात जातो. सडका भाग चाकूनं उडवायचा, उरलेलं मिक्सरमध्ये, वर साखर अन् बर्फ. संशय यायला जागाच नाही. आणि तो ग्लास पोचतो कुठे? दवाखान्यात भरती असलेल्या म्हाताऱ्याकडे, सलाइन लागलेल्या पोराकडे. मला राग येतो तो याचा. आजाऱ्याला सफरचंदच न्यायचं हे ठरवलं कुणी? ताजा पेरू न्या, बागेतली संत्री न्या.

सडकी फळं गाईपुढेही टाकू नका. बुरा चढलेली सरकीची ढेप तर मुळीच नको. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं, दूध उकळलं तरी ते जात नाही, आणि यकृताच्या कॅन्सरशी त्याचं नातं पक्कं सिद्ध झालेलं आहे.

ज्यूस घ्यायचाच असेल तर फळ स्वतः निवडा, समोर कापायला लावा. गाभा काळा निघाला तर ते अख्खं फळ बाजूला काढायला सांगा, भाव कितीही पडला तरी.