आयएसआरसी मिळाला म्हणून काम संपत नाही

स्वतःची गाणी स्वतः प्रसिद्ध करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय: ‘ट्रॅक डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे चढवा, आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा कोड मिळेल. फाईलमध्ये टॅग, म्हणजे शीर्षक-कलाकार वगैरे माहिती भरा. पुढचं सॉफ्टवेअर ओळखतं आणि पैसे आपोआप येतात. गाण्यातले हिस्से कुणी विचारले तर बघू.’ हा सल्ला ऐकून अनेकांनी हक्काचे पैसे गमावलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आयएसआरसी मिळाला की नोंदणी झाली.’ नाही. बारा अक्षर-अंकांचा हा कोड फक्त रेकॉर्डिंगची ओळख पटवतो. मालक कोण, हे त्यात नसतं. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते, तिचा क्रमांक वेगळा: ‘टी’ने सुरू होणारा आयएसडब्ल्यूसी. एकच रचना स्टुडिओत, मैफिलीत आणि दुसऱ्या गायकाच्या आवाजात अशी तीनदा रेकॉर्ड झाली, तर आयएसआरसी तीन, आयएसडब्ल्यूसी एकच. डिस्ट्रिब्यूटर सहसा रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी हवी असेल, तर रचना कॉपीराइट सोसायटीकडे (सभासदांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) किंवा रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या पब्लिशरमार्फत नोंदवावी लागते. ही दुसरी नोंद राहिली किंवा पहिलीशी जोडली गेली नाही, की पैसे जमा होतात पण पोचत नाहीत. अमेरिकेत रचनांची स्ट्रीमिंग रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेने २०२१मध्ये काम सुरू केलं, तेव्हा स्ट्रीमिंग सेवांनी तिच्याकडे सुमारे ४२.४ कोटी डॉलर सोपवले. ही सगळी आधीच्या वापराची, हक्कदाराशी न जुळलेली रॉयल्टी होती.

‘टॅग फाईलबरोबर जातात.’ काही वेळा जातात. एमपी३साठीच्या आयडी३ टॅगची १९९६ची पहिली आवृत्ती अवघ्या १२८ बाइटांची होती. शीर्षकाला तीस अक्षरं, आणि संगीतकारासाठी रकानाच नाही. पुढच्या आवृत्तीत रकाने आले. पण लायसेन्सिंगसाठी, म्हणजे गाणं वापरायला देताना, बहुधा वेव्ह फाईल मागतात, तिचे टॅग प्रत्येक प्रोग्राम नीट वाचेलच असं नाही, आणि फॉरमॅट बदलताना ते गळूनही जातात. तरी टॅग भराच, निदान संपर्काची माहिती तरी. फाईल चार हातांतून फिरते. मूळ नोंद मात्र वेगळ्या तक्त्यात हवी: एका रेकॉर्डिंगला एक ओळ.

‘सॉफ्टवेअर ओळखतं.’ ते आवाज ओळखतं. तो कुणाचा, हे त्या आवाजाला जोडलेल्या नोंदीतून कळतं. नोंद चुकीची असेल, तर पैसे चुकीच्या माणसाकडे जातात.

आता ‘हिस्से नंतर बघू’. सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो, आणि ते मी स्वतः भोगलंय. आमचा एक ट्रॅक एका मालिकेसाठी जवळजवळ ठरला होता. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: रचनेत कुणाचा किती हिस्सा, आणि मास्टर, म्हणजे रेकॉर्डिंग, कुणाचा? आम्ही चौघे. ध्रुवपदाची ओळ एकाने रेकॉर्डिंगच्या दिवशीच सुचवली होती, ती कुठेच लिहून ठेवली नव्हती. प्रत्येकाने आपला हिस्सा सांगितला तेव्हा बेरीज ११५ टक्के झाली. आमचं ठरेपर्यंत एडिट पुढे गेला आणि तिथे दुसराच ट्रॅक लागला. कुणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकाची आठवण तेवढी वेगळी होती.

सिंकसाठी, म्हणजे गाणं मालिकेसारख्या दृश्याला जोडायला, दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि मास्टरची. दोन्हीकडे हिस्स्यांची बेरीज बरोबर १०० व्हायला हवी, आणि प्रत्येक हिस्सेदाराचा होकार कसा मिळणार हे आधीच ठरलेलं हवं. त्यासाठी स्प्लिट शीट, म्हणजे हिस्स्यांचा कागद, स्टुडिओ सोडण्याआधी भरावी. त्यात कागदोपत्री असलेलं नाव, कॉपीराइट सोसायटी, आयपीआय क्रमांक (गीतकार-संगीतकाराचा ओळख क्रमांक), हिस्सा, तारीख आणि सही. आयपीआय क्रमांक का, तर एकाच गीतकाराचं नाव एका ठिकाणी आद्याक्षरांनी, दुसरीकडे पूर्ण, तिसरीकडे टोपणनावाने पडतं आणि जुळणी करणाऱ्याला ती तीन माणसं वाटतात. क्रमांक असला की ती नावं एकाच माणसाची आहेत हे कळतं. त्या ओळीवाल्या मित्राचा हिस्सा आम्ही नंतर सगळ्यांच्या सहीने नोंदवला. मालिका तोवर प्रसारित होऊन गेली होती.